आरशाच्या टेबलाचे चार पाय

बा, तुला पत्र लिहायला बसलेय म्हटल्यावर पोरगी हसली. म्हणाली, "आई, आजोबांना वाचता कुठे येत होतं?" बरोबर आहे तिचं. तुला अक्षर येत नव्हतं आणि मला तिसरीपर्यंतचं येतं, कारण तिसरीतूनच तू मला काढलंस. आय गेली होती, घरात भाकरी थापायला दुसरं कोणी नव्हतं. त्यावरून तू जिवंत असताना मी तुला पुष्कळ बोलून घेतलंय, आता परत उकरत नाही. पोरीच्या वहीची मधली पानं काढून घेतलीत. अक्षर वाकडं येईल, काना-मात्रा चुकेल. तुला काय फरक पडतो? पण आज दुपारी जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं, सुताराचा वेळ वाचला." असा माणूस.

आठ दिवस झाले, आम्ही नव्या ब्लॉकमध्ये आलो. भाईंदर पूर्वेलाच, जुन्या चाळीपासून चालत दहा मिनिटं. तू पाहिलंस तेव्हा इथे मिठागराचा बांध होता, पलीकडे चिखल आणि बगळे. आता चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्यात, जुनं म्हणशील तर डास तेवढे तेच आहेत. एक स्वयंपाकघर, एक बाहेरची खोली आणि एक आतली. आतलीला सगळे बेडरूम म्हणतात. पलंग टाकला की तिच्यात तिरकं होऊन चालावं लागतं. त्यात लोखंडी कपाट आलं, पोरीचं अभ्यासाचं सामान आलं, आणि तुझ्या आरशाच्या टेबलाला जागा उरली ती एकच, दाराजवळची. तिथे बांधणाऱ्याने भिंतीतून सिमेंटची रुंद फळी काढून ठेवलीय, सामान ठेवायला. टेबल खाली सरकवलं तर आरशाचं डोकं फळीला आपटतं. चांगलं वीतभर वर जातं. हे म्हणाले, "विकून टाकू, कपाटाच्या दारालाच आरसा आहे की." पोरगी म्हणाली, "आई, नवं पांढरं घेऊ ना, गुळगुळीत. ह्याला पावसाळ्यात मीठ सुटतं." मी दोघांना सांगितलं की तोंड मिटा आणि सुताराला बोलवा.

मीठ सुटतं हे खरं आहे. ते लाकूडच तसं होतं. पण ते नंतर. आधी तुला आठवतं का बघ, की मी सात-आठ वर्षांची आहे आणि आपण खाडीवर आहोत. अर्धी बांधलेली होडी ओंडक्यांवर चढवलेली आहे, तिच्या सावलीत तू मांडी घालून बसलायस आणि मी तुझ्यापुढे. आय गेल्यापासून माझी वेणी तूच घालायचास. रोज सकाळी, कामाला हात लावायच्या आधी. तुझ्या हाताला डांबराचा आणि मुशी माशाच्या तेलाचा वास, तोच माझ्या केसांना. शाळेतल्या पोरी माझ्याजवळ बसायच्या नाहीत, पण वेणी अशी घट्ट की तिन्हीसांजेपर्यंत एक केस हलायचा नाही. दोर वळणाऱ्याची वेणी ती. समोर पत्र्याच्या चौकटीतला तळहाताएवढा आरसा फळीला टेकवून ठेवलेला असायचा. त्यात माझं तोंड मावायचं, बस. मागे तुझे नुसते हात दिसायचे. मी मान वळवून तुला बघायला जायचे आणि तू फणी माझ्या डोक्यात मारायचास. "सरळ बघ गो, भांग वाकडा जातो."

मी म्हणायचे, "बा, तू दिसत न्हाय."

"माझं थोबाड बघून काय करशील?"

"आयचं दिसायचं."

आयचं दिसायचं की नाही, देव जाणे. मी आपलं म्हणायचे. तू वेणीला आणखी एक पीळ द्यायचास, डोळे ताणले जाईस्तोवर.

शाळा कायमची सुटल्यावर मी तुझ्या हाताखाली खुंट्या द्यायला लागले. लाकडाच्या खुंट्या, करंगळीएवढ्या, अंगठ्याएवढ्या. तू भोक पाडायचास, मी खुंटी तेलात बुडवून द्यायची. एकदा मी मोठं शहाणपण करून प्रत्येक खुंटीबरोबर एक-एक पाचर पण देत गेले, कारण तू आदल्या दिवशी तशा मागितल्या होत्यास. तू भडकलास. "डोळे फुटले काय? ही फळी दोन वर्षांनी बदलायची हाय. जी खुंटी परत काढायची तिला पाचर मारायची न्हाय. आणि बुडाशी टोक ठेवायचं, उलटं ठोकायला. ज्या खुंटीला पाचर मारली ती परत निघत न्हाय, माणसाबरोबर जाते." ही एवढीच विद्या मला तुझ्याकडून मिळाली. संसारात तिचा काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

लग्न होऊन चाळीत आले. तिथे सहा-सात वर्षं सगळे एकाच खोलीत. मग ह्यांनी मधे फळ्यांची भिंत घातली आणि पलंगाएवढी जागा आमची झाली. पोरगी नुकतीच रांगायला लागली होती. तू तिला बघायला आलास, कोलंबीचा डबा घेऊन, आणि जाताना विचारलंस की तुला काय पाहिजे. दुसरी असती तर म्हणाली असती, काही नको बा, तू येतोस तेच पुष्कळ. मी म्हटलं, "मला आरशाचं टेबल पाहिजे. मोठा आरसा, खाली खण, तसलं." मिठागराच्या मालकाच्या बायकोकडे मी बघितलं होतं. ती स्टुलावर बसून पावडर लावायची आणि मी दारात उभी राहून बघायची. तू मान हलवलीस. मग मला म्हणालास, "बस खाली." मी पलंगाच्या कडेवर बसले. "तिथं न्हाय. खाली." मी जमिनीवर बसले. तू खिशातून सुतळी काढलीस, माझ्या डोक्यापर्यंत धरलीस, गाठ मारलीस आणि निघालास. मला वाटलं, होड्या बांधणारा माणूस, माप असंच घेत असेल. विचारायचं मला सुचलं नाही. घाई. मला आयुष्यभर घाई.

दोन महिने तू ते टेबल करत होतास. एक जुना मचवा मोडीत निघाला होता, त्याच्या सागाच्या फळ्या, वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेल्या. आरसा वसईहून आणलास, एका मोडक्या कपाटाचा, कडेला फुलं कोरलेला. होडीत पेंढा टाकून, वर आपली वाकळ घालून आणलास आणि वल्ही स्वतः मारलीस, दुसऱ्याला हात लावू दिला नाहीस, हे मला खाडीवरच्या बायकांनी नंतर सांगितलं. मग एके दिवशी सकाळी तू आणि आणखी दोघं ते डोक्यावर घेऊन चाळीत आलात. सगळी चाळ दारात. मी पुढे. कधी नव्हे ती मिरवत.

तुम्ही ते खोलीत उतरवलंत आणि माझं तोंड उतरलं. पाय एवढेसे, चार बोटांचे. खण गुडघ्याच्या खाली. आरसा जमिनीपासून हातभरावर सुरू आणि उभ्या माणसाच्या छातीशी संपलेला. आणि वास. तू त्याला आतून-बाहेरून मुशीचं तेल पाजलं होतंस, होडीला पाजतात तसं. वर तू कंबरेच्या कडोसरीतून नारळ काढलास, टेबलापुढे फोडलास आणि आरशाच्या खाली हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलीस. नवी होडी पाण्यात सोडताना करतात ते सगळं.

माझी नणंद तेव्हा लग्नाची होती, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "वहिनी, हे टेबल ठेवायचं की तळायचं?" दारातल्या बायका फिदीफिदी हसल्या. हे पण हसले, मी बघितलं. नणंदेला आणखी जोर आला. "आणि बसायचं कुठे? का ह्याच्यात बसून खाडी ओलांडायची?"

तू पण हसलास. तुला कळलं नाही की ती मला हसतेय. तू तिलाच म्हणालास, "बसू तर दे आमच्या पोरीला, मग बघ." आणि मला म्हणालास, "बस गो समोर." मी उभीच. तू माझा हात धरून मला खाली बसवलंस, आणि माझ्या मागे तू मांडी घालायला लागलास, एक हात जमिनीला टेकवून, गुडघा करकरत. मी ताडकन उठले.

"बा, ऊठ. माणसं बघतायत." आणि मग जे तोंडाला आलं ते. "आरशासमोर माणसं स्टुलावर बसतात. ही काय होडी आहे का? तुला होडीशिवाय दुसरं काही येतच नाही."

तू अर्धा बसलेला, तसाच थांबलास. मग उठलास. धोतराला लागलेली धूळ झटकलीस. जावयाला म्हणालास, "किती उंच पायजे?" हे बिचारे गडबडले, म्हणाले, "राहू द्या मामा, चालेल." तू ऐकलं नाहीस. वीतभर आणि चार बोटं, असं स्वतःच ठरवलंस, आणि चहा न घेता गेलास. नणंद मागे म्हणाली, "राग आला वाटतं म्हाताऱ्याला." मी तिला असं बोलले की तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. पण तुला हाक मारून परत बोलावलं नाही.

सहा दिवस ते टेबल तसंच बुटकं होतं. ते सहा दिवस पोरगी त्याच्यापासून हलली नाही. रांगत जायची, आरशातल्या पोरीला थापट्या मारायची, तिच्या नाकाला नाक लावायची. सगळा आरसा लाळेने माखलेला. सातव्या दिवशी तू चार पाय घेऊन आलास. टेबल उलटं करून एकटाच काम करत बसलास. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. ठोकल्याचा आवाज येत होता, थांबत होता, परत येत होता. मी खुंट्या द्यायला आले नाही. तू पण हाक मारली नाहीस. झाल्यावर तू दारात येऊन उभा राहिलास. "बघ गो. आता बरोबर हाय का?"

मी पिठाच्या हाताने आत येऊन बघितलं. म्हटलं, "हो. आता बरोबर आहे." तू म्हणालास, "मग झालं." जेवून गेलास त्या दिवशी. बांगड्याचं कालवण होतं, दोनदा मागून घेतलंस. म्हणजे राग गेला असणार, असं मी धरून चालले.

पोरगी मात्र त्या दिवशी रडली. तिला आरशात काही दिसेना.

मग आमचे हे एक स्टूल घेऊन आले. ते पलंग आणि टेबलाच्या मधे बसेना. बसलं तर माणसाचे गुडघे बसेनात. चार दिवसांनी ते स्टूल स्वयंपाकघरात गेलं, पाण्याच्या पिंपाखाली, आणि नव्या घरातही पिंपाखालीच आहे. तू नंतर यायचास, आल्या-आल्या आत डोकावून टेबलाला टिचकी मारायचास आणि कान देऊन ऐकायचास. युद्धाच्या वेळी सगळे खिडक्यांना काळा कागद लावत होते तेव्हा तू पेंढ्याचा भारा घेऊन आलास, आरशाला बांधायला. "बॉम पडला तर काच फुटेल." मी म्हटलं, "बॉम पडल्यावर आरशात बघायला राहणार कोण?" तरी तू बांधलासच. ती लढाई संपली आणि दुसऱ्या वर्षी तू गेलास. होडीवरच, दुपारी, हातात लाकूड तासायचा वाकस असताना. मला निरोप आला तेव्हा मी केस विंचरत होते. अर्धी वेणी सोडून धावले. त्याच्यावर मी आजवर कुणाशी बोलले नाही, आताही बोलत नाही.

तर आज दुपारी सुतार आला. उत्तरेकडचा आहे, तरुण, तोंडात पान. त्याने फळी बघितली, टेबल बघितलं, म्हणाला, "बाई, ऊपर का फूल काट देता हूँ." म्हणजे आरशावरची कोरलेली चौकट. मी म्हटलं, "हात मत लगाना. पाय काट. पैर." त्याने माझ्याकडे बघितलं, वेडी समजला असेल. मी म्हटलं, "देखता क्या है, काट ना, मेरेको भात लगाने का है." त्याने टेबल उलटं केलं, करवत काढली. मी स्वयंपाकघरात वळले. करवतीचा आवाज येईना. मी ओरडले, "क्या हुआ?"

तो म्हणाला, "काटने का नहीं, बाई. इधर आओ. ये तो निकलता है."

मी गेले. चारी पाय तू टेबलाच्या जुन्या बुटक्या पायांना खाच करून बसवले होतेस. एकही खिळा नाही, सरस नाही. प्रत्येकात दोन खुंट्या. बाहेरून सपाट घासलेल्या, हात फिरवला तरी कळू नये अशा. आतल्या अंगाला मात्र बोटाच्या पेराएवढं टोक बाहेर ठेवलेलं. आणि पाचर नाही, बा. आठ खुंट्या, एकीलाही पाचर नाही.

तो पोरगा म्हणाला, "जिसने बनाया, उसको मालूम था एक दिन निकालना है." मी त्याला म्हटलं, "तू बोल मत. हथोडी दे." पंधरा वर्षांत खुंट्या फुगल्या असतील असं वाटलं होतं. कसल्या फुगतात, तेल पाजलेल्या! दोन-दोन ठोक्यांत निघाल्या. आठही मीच काढल्या. तुझ्या हाताखाली द्यायचे तशा एक-एक करून जमिनीवर ओळीने ठेवल्या. वास अजून आहे. सुताराने नाकाला रुमाल लावला.

टेबल सरळ केलं, फळीखाली सरकवलं. अलगद गेलं. वर चार बोटं जागा राहिली. सुतार म्हणाला आता काही करायचं नाही, मी त्याला चहा दिला आणि घालवला. मग मी खाली बसले. मला गुडघ्याचा त्रास आहे, पलंगाला धरून बसले. आरशात माझं पूर्ण तोंड. कपाळ, हनुवटी, गळ्यातली काळी पोत, सगळं. पिकलेले केस पण. आणि वर, माझ्या डोक्याच्या वर आरसा अजून हातभर शिल्लक. मी म्हटलं, हा एवढा वर कशाला ठेवला असेल म्हाताऱ्याने?

तेवढ्यात पोरगी आली, फणी घेऊन. म्हणाली, "आई, तू खाली बसलीयस तर माझी वेणी घाल ना." कॉलेजात जाणारी घोडी, पण वेणी मीच घालायची. मी मागे सरकले, ती माझ्यापुढे बसली. मी फणी केसांत घातली आणि वर बघितलं. पुढे तिचं तोंड. मागे, थोडं वर, माझं. दोन्ही पूर्ण. कुणाचं काही कापलं जात नाही, कुणी मान वळवायला नको.

मी फणी धरून तशीच बसले. ती म्हणाली, "काय झालं? ओढ ना." मी म्हटलं, "सरळ बघ, भांग वाकडा जातो."

बा, तू दिसत न्हाय असं मी खाडीवर म्हणायचे तेव्हा सात-आठ वर्षांची होते, आणि आठ दिवसांत विसरले पण असेन. तू विसरला नाहीस. पत्र्याच्या आरशापासून वसईच्या आरशापर्यंत तू ते डोक्यात ठेवलंस, आणि सगळ्या चाळीसमोर मांडी घालून मला दाखवायला बसत होतास, आणि मी म्हटलं ऊठ. एकदा तरी तू मला सांगायचं होतंस. पण तू तरी कसं सांगशील, मी बोलू दिलं तर ना.

पाय मी टाकलेले नाहीत. पोरगी म्हणाली बंबात घाल, चांगले जळतील. ते जुन्या साडीत बांधून, खुंट्यांसकट, कपाटाच्या मागे ठेवलेत. हे पत्र खणात ठेवतेय. खण अजून अडकतो, खालून बुक्की मारली की उघडतो, तुला माहीत आहे.

आणि एक राहिलं. त्या दिवशी तू मला पिठाच्या हातानेच आत बोलावून विचारलंस, आता बरोबर हाय का, आणि मी हो म्हटलं. नव्हतं, बा. स्टुलाला जागा नव्हती. खाली बसलं तर आरसा डोक्यावरून जायचा, उभं राहिलं तर गळ्याशी संपायचा. पंधरा वर्षं मी रोज सकाळी गुडघे वाकवून, अर्धी बसून, कुंकू लावलंय. कुणाला कळू दिलं नाही. ह्यांनाही नाही.